केसाळ लोकरीचा स्टोल

"हा स्टोल आहे की शेपूट?" टेलरकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या. "मागच्या बुधवारी कमरेपर्यंत होता. आज गुडघ्याला लागतोय."

काकूंना केसाळ लोकर मुळातच आवडत नाही. साधी सरळ लोकर तेवढी खरी, बाकी सगळी सोंगं. पण स्टोल होता मास्तरीणबाईंसाठी. तीस वर्षं शाळेत फिक्या साड्या नेसून आता बाईंना चमचमाटाची हौस आली होती. म्हणून पापण्यांसारखे केस असलेली जांभळी लोकर, मधे टिकल्या ओवलेला धागा आणि नर्सताईंच्या हट्टापायी पिवळ्या गोंड्यांच्या लोकरीचा एक गुंडा.

बाई मुलाकडे चालल्या होत्या, कायमच्या. स्टोल झाला की निघायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं. मुलगा एवढ्या मायेनं बोलावतोय म्हटल्यावर 'तुम्हाला जायचंय ना?' हे विचारणार कोण? आम्ही आपल्या विणत होतो. लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत, दर बुधवारी, आळीपाळीनं. बाई खिडकीशी बसून गुंडा सोडवायच्या.

"नर्सताई, तुम्ही मधल्या वारी येऊन विणता का हो?" काकूंनी हळूच चौकशी केली.

"मला ड्युटीत शिंकायला फुरसत नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"मी तर दोन ओळी कमीच विणते," मी म्हणाले. ते खरं होतं. स्टोल संपावा असं मला कुठे वाटत होतं?

केसाळ लोकरीत टाका दिसत नाही. उसवायला जावं तर केसांत केस अडकतात, त्यामुळे झालेली चूक बरोबर घेऊनच पुढे जावं लागतं. काकूंनी फुंकर मारून केस बाजूला केले. खाली टाके दिसले. सुईचं टोक शिरणार नाही इतके घट्ट. माझे टाके ढगळ, नर्सताईंचे अधूनमधून गळतात. असा आवळून विणणारा हात आमच्यात एकच.

तिघींनी खिडकीकडे पाहिलं. बाई गुंडा सोडवत होत्या. त्यात एकही गाठ उरली नव्हती.

 काकूंनी सुया उचलल्या. "आज टाके बंद करून संपवूनच टाकते. मुलानं हिचं रविवारच्या गाडीचं तिकीटसुद्धा काढलंय."

"सैल हातानं बंद कर," बाई म्हणाल्या, "नाहीतर कड आकसेल."

"तू मला शिकव आता."

चार टाके बंद झाले आणि काकूंच्या नाकात केस गेले. अशी दणदणीत शिंक आली, की सुई निसटली आणि उरलेले सगळे टाके जांभळ्या जंगलात गडप झाले. चौघींची डोकी टेबलावर एकत्र आली. नर्सताईंना एक टाका मिळाला, तो गोंडा निघाला. काकू पुन्हा शिंकल्या. मग बाई हसायला लागल्या, आणि त्यांचं पाहून आम्ही. हसता हसता बाईंची बोटं केसांतून चालत होती. न बघता त्यांनी एकेक टाका सुईवर घेतला, काकूंनी बंद केलेले चारही सोडवले, आणि सुया स्वतःच्याच हातात ठेवून पुढची ओळ सुरू केली.

"अगं, पण रविवारी..." काकू म्हणाल्या.

"मला जायचं नाहीये," बाई म्हणाल्या.