लय ओढते

जुनी गाडी कशी निवडावी, यावर मी कुणाशीही दोन तास बोलू शकतो. बोललोही आहे, आणि ऐकणारे नंतर मला टाळतात. देहूरोडच्या डेपोत मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. तिथे एक नट हवा असला तरी तीन सह्या लागायच्या. त्यामुळे निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मर्जीने गाडी घ्यायची वेळ आली, तेव्हा सह्या करायला दुसरं कुणी नाही हे पाहून मी इतका गांगरलो की आठ महिने नुसत्या गाड्या बघत सुटलो.

झालं असं, की लोणावळ्यातला एक रिसॉर्टवाला धंदा गुंडाळत होता आणि त्याच्याकडून मी एक कॅरॅव्हॅन घेतली. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत दोन पलंग, शेगडी आणि संडास-बाथरूम. तिला स्वतःचं इंजिन नसतं, दुसऱ्या गाडीने ती ओढून न्यावी लागते. आमची छोटी मोटार हे काम करणं शक्यच नव्हतं, म्हणून दणकट डिझेल एसयूव्ही हवी होती, आणि पेन्शनीत बसायची तर ती जुनीच. तोवर कॅरॅव्हॅन वराळ्याला आमच्या दारात उभी राहिली आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या.

ही सगळी उठाठेव आईसाठी होती. आई, म्हणजे येसूबाई, ऐंशी वर्षांची. तिला एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर जायचंय. पण तिला लघवी धरवत नाही. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना तिने कंडक्टरला दोनदा एसटी थांबवायला लावली. तिसऱ्यांदा सांगायची तिला लाज वाटली. पुढे काय झालं ते तिने फक्त माझ्या बायकोला, मानसीला सांगितलं. तेव्हापासून ती वराळ्याबाहेर पडली नाही. सख्ख्या बहिणीच्या मयतालासुद्धा गेली नाही.

आता कोणत्याही शहाण्या माणसाने बरी गाडी बघून महिन्याभरात आईला नागपूर दाखवलं असतं. मी वही केली. वहीत चाळीस प्रश्न काढले. टर्बोचा आवाज, क्लचची उंची, चासीचा गंज, धुराचा रंग, असं सगळं. अकरा गाड्या नापास केल्या. एक तर मालकाने डॅशबोर्डवर प्लास्टिकची फुलं ठेवली होती म्हणून नापास केली. हा माणूस ऑइल वेळेवर बदलत नसणार, असं माझं ठाम मत झालं. आई रोज संध्याकाळी विचारायची, "ठरलं का रं?" आणि मी तिला टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, समजावून सांगायचो.

बारावी गाडी कुरवंड्याला होती. निलेश नावाचा शेतकरी तिच्यातून पर्यटकांना फिरवायचा. आईने आदल्या रात्रीच जाहीर केलं, "उद्या मी येनार. तुज्या भरवशावर ऱ्हायले तर मी फोटूतच जाईन नागपूरला."

मानसीने आमची छोटी मोटार चालवली. आईने कामशेतला थांबायला लावलं, मग कार्ल्याजवळ. लोणावळा आल्यावर ती पुन्हा म्हणाली, "सुहास, जरा..." आणि मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "अगं आई, आत्ताच तर थांबलो होतो!" मानसीने गाडी एका हॉटेलापाशी घेतली. पण आई त्यानंतर गप्पच झाली.

निलेशच्या अंगणात गाडी धुऊनपुसून उभी होती. त्याची आई सरुबाई ओट्यावर पावटे सोलत बसली होती. तिने आमच्या आईला हाक मारून शेजारी बसवून घेतलं. मी चष्मा लावला, वही उघडली आणि पहिलाच, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"गाडी ओढते का?"

निलेशने मान खाली घातली. पायाने माती उकरली. मग म्हणाला, "काका, खरं सांगू का? ओढते. लय ओढते."

मी वहीत बरोबरची खूण केली. एक नव्हे, दोन.

"भरलेली असली की जास्तच," तो म्हणाला.

काय प्रामाणिक माणूस! स्वतःच्या गाडीचं कौतुक करतानाही लाजतो. पुढचे एकोणचाळीस प्रश्न मी निव्वळ शिस्त म्हणून विचारले. गाडी माझ्या मनात कधीच पास झाली होती.

"एक चक्कर मारून बघू," मी म्हणालो. आई ओट्यावरून उठली आणि थेट मागच्या सीटवर जाऊन बसली. तिच्याच बुडाखालची गाडी आहे, तिनेच बघायला हवी, असं तिचं म्हणणं. निलेश माझ्या शेजारी बसला.

सपाटीला स्टेअरिंग जरा जड लागलं. मी म्हटलं, ताकदीची गाडी आहे, लागणारच. घराजवळचाच उतार आला तसा निलेश सावरून बसला.

"काका, ओढतीय."

"कळतंय मला. मस्त ओढतीय!"

"काका, डावीकडं..."

"सुहास, ही कडंला चाललीय," मागून आई म्हणाली.

"आई, ही पॉवर आहे!" असं म्हणून मी ब्रेक दाबला आणि गाडी सगळी पॉवर घेऊन डावीकडच्या पेंढ्याच्या गंजीत घुसली.

कुणालाच लागलं नाही. काचेवर पेंढा, बॉनेटवर पेंढा, उघड्या खिडकीतून निलेशच्या मांडीवर पेंढा. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, मी सांगितलं व्हतं की ओढते म्हनून. एका अंगाला ओढते. अलाइनमेंट बिघडलीय, खालचा आर्म वाकलाय. तुमीच पयला इचारला तो प्रश्न!"

मागे आई हसायला लागली. डोक्यावर पेंढा घेऊन, पदर तोंडात धरून, "पावर! म्हनं पावर!" करत हसली. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग ती एकदम थांबली. खाली मांडीकडे बघत हळूच म्हणाली, "सुहास, मानसीला बोलव."

मला कळलं. निघताना तिला जायचं असणार, आणि मी पुन्हा वसकन अंगावर येईन म्हणून ती बोलली नसणार. चाळीस प्रश्नांत एकही प्रश्न आईचा नव्हता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मागे वळून बघवेना. वर मनात हेही आलं की संपलं. आता ही वराळ्यातून पुन्हा बाहेर पडायची नाही.

गाडी गंजीत घुसल्याचा आवाज ऐकून मानसी धावत आलीच होती. तिच्यामागून सरुबाईही आली. तिने गाडीच्या दारातून आत डोकावलं, एकदा आईकडे बघितलं आणि सगळ्या कुरवंड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं बया, येवढंच व्हय! मी तर शिंकले तरी व्हतंय. चल, माजं लुगडं देते." आईचा हात धरून ती तिला घरात घेऊन गेली. इकडे निलेश आणि मी एकमेकांकडे न बघता काचेवरचा पेंढा काढत राहिलो.

अर्ध्या तासाने आई आली. सरुबाईचं हिरवं लुगडं, केस विंचरलेले, हातात चहाचा कप. दोघींनी आत काय काय बोलून घेतलं कोण जाणे, पण सरुबाईने नागपूरला किती दिवस लागतात ते विचारून ठेवलं होतं.

"आई, चल," मी म्हणालो. "ही गाडी नको. दुसरी बघू."

"हीच घ्यायची."

"अगं, डावीकडे ओढते!"

"ते नीट व्हतंय का रं?" तिने निलेशला विचारलं.

"व्हय मावशी. एका दिवसाचं काम हाये. आमीच करून देतो."

"मग झालं तर."

"पण हीच का?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. बारा गाड्या, आठ महिने, चाळीस प्रश्न, आणि ही बाई गंजीत घुसलेली गाडी पसंत करते.

आईने चहाचा शेवटचा घोट घेतला. "अकरा वर्सं मी ज्याला भेले ते हिच्यात होऊन गेलं. आता हिच्यात बसायची मला लाज न्हाई."

निलेश मागची सीट धुवायला बादली घेऊन पुढे झाला, तर आईने त्याला अडवलं.

"ऱ्हाऊ दे, बाळा. गाडी माजी हाये. माजा पोरगा धुईल."