रुपरावांचं 'पाहू'

रुपरावांच्या तोंडून उभ्या आयुष्यात कुणी 'नाही' ऐकलं नव्हतं. नकाराला त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'पाहू'. कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरी केली तेव्हा सगळे जाणून होते, रुपराव 'पाहू' म्हणाले की विषय संपला.

घात झाला तो फोनवर. बंगलोरहून मुलगा रोहित म्हणाला, "बाबा, आता कायमचे इकडेच या," आणि हे सवयीनं म्हणाले, "पाहू." पोरानं लगेच तिकिटं काढली. रविवारी तो न्यायला येणार होता. तेव्हापासून रुपराव घरभर नुसत्या फेऱ्या मारत होते. मानेवाड्यातलं घर, गल्लीतली माणसं, बुधवारचा गट, हे सगळं सोडून तिकडे बाल्कनीत कुंडीसारखं बसायचं?

गट म्हणजे समाजभवनात जमणारी म्हातारी मंडळी. अबोली नावाची मुलगी त्यांच्याकडून नाटकं करून घ्यायची. पाठ केलेली नव्हेत, आपापल्या घरातली. तिच्या लेखी हा मनावरचा उपचार होता. रुपरावांच्या शेजारीण भागीरथाबाईंच्या लेखी, "मनातलं ओकून टाकाचं न् चहा प्याचा."

या बुधवारी अबोलीनं आपला गॉगल भागीरथाबाईंना चढवला. "तुम्ही रोहित. आणि काका, याला 'नाही' म्हणायचं."

भागीरथाबाईंनी रुपरावांचा हातच धरला. "बाबा, चाला नं! तुम्ही एकटे राहता, तं मले तिकडे झोप नाही येत."

रुपरावांचे डोळे भरून आले. "पाहू," ते म्हणाले.

सगळ्यांनी कपाळावर हात मारला. "'नाही' म्हणायले पैसे लागते का गा भाऊ?" भागीरथाबाई कडाडल्या. "पुन्हा!"

चहा थंड झाला तेव्हा कुठे एक बरं 'नाही' निघालं.

रविवारी रोहित आला. मागोमाग भागीरथाबाई पोह्यांचा डबा घेऊन दारात हजर. पोराच्या तोंडाकडे बघून रुपरावांच्या ओठांवर पुन्हा 'पाहू' येऊ लागलं. ते बघून बाईंनी मुकाट्यानं पिशवीतून अबोलीचा गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. रुपरावांनी गॉगलकडे बघत ठणकावलं, "नाही येत मी!"

"बाबा, कोणाले म्हणून राहिले?" रोहित गोंधळला.

"तुलेच. माझं घर इथंच आहे."

"पण तुम्ही तं 'पाहू' म्हणाले होते!"

"'पाहू' म्हणजे नाही, बेटा. साऱ्या कळमेश्वराले ठाऊक आहे."

रोहितनं मान हलवली. "सायकल मागितली तेव्हाही 'पाहू'च म्हणाले होते. उशिरा आणली, पण आणली नं? मले तं 'पाहू' म्हणजे 'हो'च माहीत आहे."

ज्या शब्दावर जगानं कधी भरवसा ठेवला नाही, त्यावर हे पोरगं लहानपणापासून विसंबून होतं. रुपरावांनी त्याला पोटाशी धरलं.

"रोज सकाळी फोन करीन, झोपशील मंग तू," ते म्हणाले. "पण राहीन इथंच."

"बरं," रोहित डोळे पुसत म्हणाला. "दिवाळीले तरी या. महिनाभर."

"पाहू."

"भाऊ!" भागीरथाबाई दारातून ओरडल्या.

"ओरडता काहून वं बाई?" रुपराव हसले. "हे रोहितवालं 'पाहू' आहे."