बिनरंगाची लेथ

मी लेथ बोलतेय, लोखंडी रॉड फिरवून कातणारं मशीन. होय, तीच, शिरूरच्या बाहेर जालिंदरशेठच्या जुन्या मशिनरीच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभी होते ती. अंगावर तांबेरा, हँडलची मूठ तुटलेली. पण मला म्हातारी म्हणायचं असेल तर आधी माझ्यावर एक रॉड बांधा, मग तोंड उघडा.

माझा जन्म राजकोटचा. मला शिरूरला आणलं हौसराव मिस्त्रींनी. घोड नदीकाठच्या गावांतले पंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरणारे दांडे, माझ्यावरच सरळ व्हायचे. मिस्त्रींचा एक कायदा होता. माझ्या बेडवर, म्हणजे ज्या रुळांवर माझं हत्यार सरकतं त्यावर, कुणी साधा पाना ठेवला तरी ते ओरडायचे, "अरं, आईच्या मांडीवर दगुड ठेवतो व्हय?" संध्याकाळी स्वतः तेल लावून ते बेड फळीनं झाकायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, दुकान बंद पडलं आणि मी जालिंदरशेठकडे आले. तीन वर्षं कुणी विचारलं नाही. शेवटी शेठ म्हणाले, दसरा झाला की हिला वितळायला पाठवू.

माझ्या शेजारी एक हिरवीगार लेथ होती. रंग इतका ताजा की बोट लावलं तर चिकटेल. गिऱ्हाइकं आली की तिच्यापुढेच थांबायची. माणसांचं असंच असतं. पोरगी बघायला गेली तरी आधी साडी बघतात.

खंडेनवमीच्या दिवशी केडगावचे इरशाद आणि त्यांची बायको सायमा आले. कडेवर लेक सुहाना, वर्ष-दीड वर्षाची. इरशाद रांजणगावला कंपनीत होते. नोकरी सोडत असल्याचं त्यांनी लिहून दिलं होतं, पुढच्या महिन्यापासून पगार बंद. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचं वर्कशॉप काढायचं, त्याला एक लेथ आणि खाचा पाडायला एक मिलिंग मशीन. मशीन खोटं निघालं तर परत जायला जागा नव्हती. सायमाच्या डोळ्यांत ते सगळं दिसत होतं. पोरीच्या पाठीवर तिचा हात सारखा फिरत होता.

मिलिंग इरशादना पसंत पडलं. मग ते हिरवीकडे वळले. "शेठ, चालू करून दाखवा."

"आज? खंडेनवमी हाय भाऊ!" शेठनी हिरवीच्या गळ्यातल्या झेंडूच्या माळेकडे बोट केलं. "पूजा झालीया. आज मशीन चालवत न्हाईत. उद्या दसरा, मुहूर्त साधा आन् घिऊन जा."

इरशादना ते पटलं. कंपनीतही या दिवशी मशीनं बंदच असायची. शिवाय त्यांची सवय बटणांच्या मशीनची. वीज नाही म्हटल्यावर तपासायचं काय, हेच त्यांना सुचेना.

सायमा हळूच म्हणाली, "दादा, वीज नका लावू. हातानं फिरवून बघू का?"

शेठ हसले. "वहिनी, ही काय मडकी हाईत व्हय, वाजवून घ्यायला?"

"मडकंबी वाजवूनच घेतो आम्ही. ह्याच्यावर तर चूल पेटायचीय."

शेठ काही बोलणार, तेवढ्यात त्यांची आई तानुबाई हळदीच्या हातानं पुढं आली. "फिरीव गं पोरी. पुसताना मीबी फिरवलंय. देव रागवत न्हाई, ह्योच रागावतोय."

सायमानं पोर इरशादकडे दिली आणि हिरवीचं चाक धरलं. चकाजवळ, म्हणजे रॉड धरून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, हत्यार भुरकन सरकलं. लांबच्या टोकाकडे नेलं तसं घट्ट झालं आणि अडकलं.

"अहो, आपल्या कपाटाच्या ड्रॉवरवानी हाय ही. रोज उघडतो तेवढ्यात ढिला, मागं गेला की अडकतो."

इरशादचा चेहरा उतरला. चकाजवळ काम जास्त, म्हणून बेड तिथंच झिजलेला. तिच्यावरचा शाफ्ट सरळ आलाच नसता.

मग सायमा माझ्याकडे आली. तांबेरा आतवर गेलेला नव्हता. तिनं चाक फिरवलं. मी जड गेले, कुरकुरलेसुद्धा, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच.

"ही द्या."

शेठ फणकारले, "भंगार नेताय! आन् मिलिंग सुटं मिळणार न्हाई. हिरवीसंगं जोडीनंच."

इरशाद कुजबुजले, "मिलिंगशिवाय शाफ्टला पुली अडकवायची चावीची खाच कुठं पाडायची?"

"खाच दौंडला जाऊन पाडून आणू. शाफ्टच वाकडा निघाला, तर खाच पाडायची कशात?"

मिलिंग तिथंच राहिलं. दसऱ्याला मी टेम्पोतून न्हावऱ्यावरून केडगावात आले.

पहिला रॉड कातला तेव्हा इरशादनी दोन्ही टोकांच्या जाडीची मापं घेतली. सारखीच आली. त्यांनी पुन्हा घेतली. सायमा दारातून विचारत होती, "बरूबर हाय ना? नीट बघा ना!" बरोबर आहेत म्हणून सांगून तिचं समाधान होईना, शेवटी तिच्याच हातात जाडी मोजायचा व्हर्नियर दिला.

माझे गिअर अजून घरघरतात. मिलिंग अजून आलेलं नाही, खाचेसाठी दौंडच्या फेऱ्या चालू आहेत. नवं गिऱ्हाईक मला बघून नाक मुरडतं, "ह्याच्यावर करणार व्हय?" ह्याच्यावरच. मला रंग लावायला निघालेल्या इरशादना सायमानं थांबवलं, ते बरं केलं.

तुम्हीही जुनं मशीन घ्यायला गेलात तर वय विचारू नका. या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं फिरवा आणि मग काय बोलायचं ते बोला. आता मागं सरका, चक फिरायला लागलाय. ओढण्या आवरा, आणि पोरीला आधी दाराबाहेर घ्या.