खारूताईचे जुने दात

मी प्लास्टरचा एक जुना साचा आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर दातांखेरीज काहीच नाही! दातांच्या दवाखान्यातल्या फळीवर बसून मी एका मुलीची वाट बघत असतो.

माझा जन्म तिच्याच तोंडातला. डॉक्टरताईंनी गुलाबी लगद्याचा ट्रे तिच्या टाळूला दाबला. तिला उमासे येऊ लागले, तशा ताई म्हणाल्या, "पायाची बोटं हलव, जोरात!" बोटं हलवण्याच्या नादात ती ओकायचंच विसरली. त्या ठशात प्लास्टर ओतलं आणि मी घडलो. पुढचे दोन दात ओठांबाहेर, आणि सुळा तर शेजाऱ्याच्या खांद्यावर चढलेला!

वर्गात तिला 'खारूताई' म्हणत. ती तोंडावर हात धरूनच हसायची. "हसतील त्यांचे दात दिसतील," आई समजूत घालायची.

"अगं आई, दात दिसतात हीच तर अडचण आहे!"

तिला वाटायचं, असे दात जगात फक्त आपलेच. मग ताईंनी तिला आम्हा सगळ्या साच्यांची फळी दाखवली. कुणाच्या दातांची दाटी, कुणाच्या दातांत फट, कुणाचा खालचा जबडाच पुढे. "ही सगळी तुमच्याच शाळेतली पोरं बरं का! कोण, ते नाही सांगणार."

"म्हणजे मला चिडवणारेसुद्धा?" असं म्हणून ती तोंडावर हात न धरता खो खो हसली. काय सांगू, तो माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस!

मग तिच्या दातांना तारा बसल्या. ती आली की ताई मला खाली काढायच्या, आम्हा दोघांना शेजारी धरून बघायच्या. ती सुधारत गेली, मी आहे तस्साच. पुढे तारा निघाल्या, दात परत सरकू नयेत म्हणून झोपताना लावायची प्लेट मिळाली आणि तिचं येणं थांबलं. माझ्यावर धूळ बसली. दार वाजलं की वाटे, तीच!

आणि परवा ती खरंच आली. प्लेट रुमालात गुंडाळलेली, रुमाल गेला धुण्याच्या मशीनमध्ये, प्लेटचे झाले तुकडे! "आणि बाईसाहेब महिनोन्महिने गप्प!" आई म्हणाली. ताईंनी मला तिच्या तोंडाशी धरलं. "बघ, सुळा परत याच्यासारखा व्हायला निघालाय." तिचे डोळे भरले. इतक्या दिवसांनी ती जवळ होती, तरी मला आनंद होईना.

नवी प्लेट होतेय. मित्रांनो, तुमची प्लेट डबीतच ठेवा, तुटली तर लगेच सांगा. तुमच्या साच्याला तुमची कितीही आठवण येऊ दे, त्याच्यासारखे होऊन त्याला भेटायला जाऊ नका. मीही तिची वाट बघत राहीन, आणि ती येऊ नये असंच म्हणत राहीन.