टेकडीवरचा बांधलेला देव

मित्रांनो, गावातले लोक मला जिझो देव म्हणतात. खरं सांगायचं तर मी किनाऱ्यावरून उचललेला एक जुना दगड आहे. एका पाथरवटाने मला डोळे, कान, तोंड दिलं आणि जपानमधल्या कामोउरा गावाच्या टेकडीवर समुद्रासमोर बसवलं.

आमच्याकडे एक रीत होती. नवऱ्याने समुद्रावर जाऊ नये असं वाटलं, की बायका मला पेंढ्याच्या दोराने करकचून बांधत. देव अडकला की वारा खवळतो आणि होड्या किनाऱ्यालाच राहतात, असा त्यांचा समज. बांधताना त्या हसत असत.

"घट्ट आवळ गं," ओतोरा आजी म्हणायची. "मागच्या खेपेला सैल बांधलास, नुसते ढग आले. माझा म्हातारा गेलाच समुद्रावर, आणि पकडून काय आणलं, तर सर्दी."

एका पहाटे सुगिए एकटीच आली. तिचा नवरा तोमेकिची तापाने फणफणला होता, तरी कुपा माशांच्या मागे जायचं म्हणत होता. "आजचा दिवस त्याला घरी ठेव, देवा," म्हणत तिने मला बांधलं. पण ती खाली पोचली तेव्हा धक्का रिकामा होता. मासा दिसल्याची हाक आली होती आणि होड्या नेहमीपेक्षा लवकर सुटल्या होत्या, तोमेकिचीचीसुद्धा.

दुपारी वादळ उठलं. सुगिए धापा टाकत वर आली. पावसाने भिजून दोर आवळला होता. तिने नखं लावली, दात लावले. गाठ सुटेना. शेवटी ओतोरा आजीने येऊन कोयत्याने दोर कापला आणि ती एवढंच म्हणाली, "अगं, माणूस पाण्यात असताना देव बांधतात का कुणी?"

बाकीच्या होड्या परतल्या. तोमेकिचीची आली नाही.

त्यानंतर मला कुणी बांधलं नाही. आता वाऱ्याची खबर रेडिओ देतो. सुगिए म्हातारी झाली आहे. काठी टेकत येते, माझ्यावरचं शेवाळ पुसते, भाताचा मुटका ठेवते आणि म्हणते, "मीच बुडवलं रे त्याला."

मित्रांनो, वाऱ्यावर माझी सत्ता कधीच नव्हती. मी बांधलेला असो की मोकळा, ते वादळ येणारच होतं. एवढंच तिला सांगायचं आहे, पण दगडाला बोलता येत नाही.

तुम्हाला येतं. न केलेल्या चुकीचं ओझं वाहणारं कुणी तुमच्या घरात, शेजारी असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा आणि सांगा. उशीर करू नका. काल सुगिए अर्ध्या चढावरूनच हात जोडून परत गेली.