गणपतीच्या सुट्टीतली तपसाधना

मेणबत्ती मधोमध वाकलेली होती. उन्हाळाभर कुठल्यातरी पत्र्याखाली पडून राहिली असणार, आणि तिच्या कमरेला लाल लोकरीचा धागा दोन वेढे देऊन बांधलेला, कुणाची कुठली ते विसरायला नको म्हणून... कॅथरिनने ती शिवणयंत्राच्या फळीवर ठेवली, तशी वाकडी असल्यामुळे ती जागच्या जागी बसली. बाकीच्या सरळ होत्या, त्या मात्र जरा हात लागला की घरंगळायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. लाल धाग्याची शेजारच्या लूर्डसची, थोरल्या मुलाच्या दुबईच्या व्हिसासाठी. निळ्या धाग्याची मेरीची, सुनेला दिवस राहू देत म्हणून. बिनधाग्याची जाडजूड ती आग्नेलची, गुडघ्यासाठी. मोठीच आणलीय, म्हणाला होता, दोन्ही गुडघ्यांना पुरेल. तपसाधनेला, म्हणजे चर्चच्या मौनाच्या शिबिराला, निघालेल्या माणसाच्या हाती मेणबत्ती आणि तिच्याबरोबर आपला हेतू द्यायचा, ही गावाची जुनी रीत. तो तिथे चार दिवस मौनात राहणार, देवाच्या जवळ बसणार, तर त्याच्या ओघात आपलंही एक काम होऊन जाईल... परत आल्यावर विचारायचं, लावली का? आणि त्याने म्हणायचं, लावली.

आणि कॅथरिन तपसाधनेला चाललीच नव्हती.

ती सूर्यमाळला चालली होती. तिकडे मोखाड्याच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर एक पठार आहे. वीस वर्षं ती शाळेत भूगोल शिकवत होती, नकाशावर छडीचं टोक ठेवून ‘ही सह्याद्रीची रांग’ म्हणत होती, आणि त्या टोकाखाली आत्ता, या क्षणी, काय असेल — पाऊस, ऊन, एखादी चरणारी गाय — असं मनात आलं की छडी पुढे सरकवत होती. शाळेतल्या विनयाची मावसबहीण तिथल्या आश्रमशाळेत शिकवते. गणपतीला ती देवरुखला आपल्या घरी जाते आणि मागे खोली रिकामी राहते. भाडंबिडं काही नको, विनया म्हणाली, निघताना झाडून काढ म्हणजे झालं. जायला एसटी, खायला पिशवीतले तांदूळ, डाळ आणि मूठभर सुका जवळा. इतक्यात भागणारं सुख आजवर कुणी पुढ्यात ठेवलंच नव्हतं, त्यामुळे नको म्हणायची एरवीची सवय ऐन वेळी उपयोगी पडली नाही.

खोलीला एक दगडी पायरी आहे, असं विनया सहज बोलून गेली होती. समोर नुसता उतार, त्यावर या दिवसांत सोनकीची पिवळी फुलं, आणि सकाळी ढग पायरीपर्यंत येतात... बस, एवढंच. पण त्या दिवसापासून ती पायरी कॅथरिनच्या डोक्यात जाऊन बसली होती. वह्या तपासताना, भाकरी थापताना, रविवारच्या मिस्सेत प्रवचन लांबलं की — ती पायरी. त्यावर आपण बसलोय, पाय खाली सोडलेत, हातात काही नाही. मांडीवर निवडायला भाजीसुद्धा नाही.

“तुमच्याकडे काय कमी हिरवं आहे?” असं विनयाने हसत विचारलं होतं. विनया मनवेलपाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या लेखी वसईची वाडी म्हणजे स्वर्गच. मुंबईचे लोकही रविवारी येतात, बावखलाच्या — वाडीला पाणी देणाऱ्या त्या मागच्या तळ्याच्या — काठाशी उभे राहून फोटो काढतात, किती शांत आहे हो इथे, म्हणतात. त्यांना काय सांगायचं? वाडीतलं झाड म्हणजे झाड नसतं, काम असतं. केळीचं पान कापायचं असतं, चाफा उजाडायच्या आत तोडायचा असतो, बावखल म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पंप, आणि पंप म्हणजे नवऱ्याची, ॲन्सेल्मची, हाक. सातिवलीच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभा राहून तो येतो आणि येता येता फाटकातूनच हाका मारायला लागतो, त्यात त्याचाही दोष नाही, घरात शिरायच्या आधी वाडीच त्याला गाठते. मला एकच झाड असं बघायचंय, कॅथरिनच्या मनात यायचं, जे माझ्याकडे काही मागत नाही. वाळलं तर वाळलं, बहरलं तर बहरलं, माझा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि सुट्टी मिळून मिळून कुठली, तर गणपतीची. वर्षभरात वाडीला सगळ्यात जास्त जीव खाणारे दिवस कुठले असतील तर हेच. घरी गणपती नाही, पण गणपतीची धावपळ त्यांच्या घरी जेवढी चाले तेवढी ज्यांच्याकडे मखर असतं त्यांच्याकडेही चालत नसेल. सोनचाफा, केळीची पानं, केवडा... सगळं पहाटे दादरच्या बाजाराला. लग्न होऊन आल्यापासून कॅथरिनची गणपतीची प्रत्येक सुट्टी या फुलांत गेली होती. नखांत चीक, बोटांना पिवळा वास, आणि तो वास इतका की जेवताना वरणालाही यायचा. दुसऱ्यांचा देव घरी यायचा म्हणून हिची सुट्टी जायची, आणि याबद्दल तक्रार तरी कुणाकडे करणार? कुठल्या देवाकडे?

तर ते असं झालं. जेवताना ती म्हणाली होती, आवाज शक्य तितका साधा ठेवून, “गणपतीच्या सुट्टीत चार दिवस जरा... जाऊन यावं म्हणते. एकटीच.” ॲन्सेल्मचा घास हातातच राहिला. अकरावीतली लेक ॲनिशाही ताटावरून वर बघायला लागली. बायका एकट्या बाजारात जातात, बँकेत जातात, मयताला जातात. चार दिवस एकटीच, हे वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आणि तेवढ्यात चुलीजवळून सासूबाई, आल्बिना, शांतपणे म्हणाल्या, “तपसाधनेला?”

क्षणभरच वेळ होता. त्या क्षणात पायरी दिसली, ढग दिसले... आणि कॅथरिनच्या तोंडून “हं” गेलं. एवढंच. एका हुंकाराने सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ॲन्सेल्मने घास तोंडात घातला. देवाचं काम म्हटल्यावर फुलं थांबतील, नाहीतर त्यांचं ती बघतील. रविवारी मिस्सा सुटायच्या आत गावभर झालं होतं, आणि सोमवारी पहिली मेणबत्ती आली.

उद्या निघायचं, आणि आज शाळेचा अर्धा दिवस. विनयाने स्टाफरूममध्ये किल्ली हातात ठेवली, दोऱ्यात ओवलेली, गंजलेली, आणि म्हणाली, “मजा कर गं, माझ्या वाटचीसुद्धा.” कॅथरिनने ती पर्समध्ये टाकली. तिथे जपमाळ होती. रिक्षात बसल्यावर, खड्डा आला की किल्ली आणि जपमाळ एकमेकींना लागून वाजायच्या, आणि ती उगाचच पर्स छातीशी धरून बसली, शेजारच्या बाईला ऐकू जाईल म्हणून. वसईतल्या होळी बाजाराशी रिक्षा थांबली तेव्हा भाजीवाल्या बायका पानांच्या गड्ड्या बांधत होत्या. त्यातली एक ओळखीची, तिने हात जोडले. कॅथरिनला! आयुष्यात प्रथमच कुणीतरी तिला हात जोडले, तेही ती देवाला फसवायला निघाली असताना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर आतून हसूही आलं.

देवाला फसवतेय का, पण? हा प्रश्न ती गेले काही दिवस वळवून वळवून बघत होती. देवाला ठाऊक आहे. त्याला किल्ली दिसतेय. फसतायत ती माणसं — लूर्डस, मेरी, आग्नेल... रात्रंदिवस त्या थोरल्याची काळजी करून लूर्डसच्या डोळ्यांखाली काळं आलंय, आणि तिने विश्वासाने ही वाकडी मेणबत्ती धाग्याने बांधून दिलीय. जाताना नाक्यावरच्या क्रुसापाशी लावून टाकाव्यात झालं. नाही, तिथे कोणीतरी बघणारच. तपसाधनेच्या मेणबत्त्या इथेच का लावतेस म्हणेल. मग सूर्यमाळला न्याव्यात. म्हणजे पायरीवर मी, माझ्या शेजारी दुबईचा व्हिसा, पलीकडे मेरीची सून, आणि आग्नेलचे दोन्ही गुडघे... गाव सोडून जायचं आणि गाव पिशवीत भरून न्यायचं. तिने मेणबत्त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या, बाहेर काढल्या, पुन्हा फळीवर ठेवल्या. कपाटात ठेवून जाईन, तिने ठरवलं. आल्यावर म्हणेन, लावल्या. एक हुंकार पचला, तसाच हाही पचेल.

दुपारी ॲन्सेल्म लवकर आला, उद्याच्या तोडणीसाठी. दारात उभं राहून त्याने विचारलं, “तिकडे फोन आहे का?”

“मौन असतं ना,” ती म्हणाली.

“हां. ते आहेच,” तो म्हणाला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं. कदाचित नीट जा, असं. त्याऐवजी तो म्हणाला, “छत्री घे,” आणि वाडीत गेला. कॅथरिन त्याच्या पाठीकडे बघत राहिली. याला सांगितलं असतं तर? सरळ, की मला कुठेतरी जाऊन नुसतं बसायचंय? तो रागावला नसता. तो गोंधळला असता, आणि मग दुखावला असता, माझं काय चुकलं म्हणून विचारत राहिला असता, आणि त्याची समजूत घालण्यात सगळी सुट्टी संपली असती. तुझं काही चुकलेलं नाही रे. काहीच चुकलेलं नाही, तरी हवंय... हे कुठल्या भाषेत सांगायचं असतं?

ऊन उतरायला लागलं तेव्हा सासूबाई आत आल्या. लाल लुगड्याचा ओचा सावरत शिवणयंत्राशेजारच्या खाटेवर बसल्या, आणि ओच्यातून एक मेणबत्ती काढली. नवी, पांढरी, सरळ.

“सगळ्यांनी दिल्या?”

“हो, आई.”

“माजी पन घे.”

“तुमचा हेतू काय सांगू?”

“हेतू नाय.” त्या मेणबत्तीवरून अंगठा फिरवत राहिल्या. बाहेर पंप सुरू झाला, बंद पडला. “तिथं कोन बोलत नाय म्हनतात. खरं?”

“खरं.”

“जेवताना पन?”

“जेवतानासुद्धा नाही.”

“आनि हाक? हाक कोन मारत नाय?”

कॅथरिनने तपसाधनेचं केंद्र कधी पाहिलं नव्हतं. तिला दिसली ती पायरी, उतार, आणि पायाशी आलेले ढग. “नाही,” ती म्हणाली. “कुणीच हाक मारत नाही.” आणि या सगळ्यात निदान हे एक वाक्य तरी खोटं नव्हतं.

म्हातारी हसली. दात थोडेच राहिले होते, त्यामुळे हसू लहान मुलीसारखं दिसलं. “ॲन्सेल्म तान्हा होता तवा,” त्या म्हणाल्या, “हेच गनपतीचे दिवस. पानी भरून आले, फुलं झाली, भाकऱ्या झाल्या, आनि परत हाक. आल्बिना, आल्बिना... मला माज्या नावाचाच कंटाळा आला गो. मी गेले बावखलाच्या पल्याड, केळीत जाऊन बसले. सगळे हाका मारतात, सासू, सासरा, हे... मी ऐकते, पन ओ देत नाय. काय बरं वाटलं! पानी हालत नव्हतं. मग पोर रडलं. मग उठले.”

“कुणाला सांगितलंत?”

“काय सांगनार? बसले होते, असं?”

त्यांनी मेणबत्ती कॅथरिनच्या हातात दिली, आणि हात लगेच सोडला नाही. त्या बोटांनाही तोच पिवळा वास होता. “ही लाव. आनि विझेपातूर कोनाला ओ देऊ नको. माज्या वाटची. फुलांचं मी बघते.”

आता सांगावं, कॅथरिनला वाटलं. आता, या म्हातारीला, की आई, मी देवाकडे चाललेच नाहीये, मी तुमच्या त्या बावखलाच्या पल्याडच चाललेय... शब्द अगदी ओठांशी आले होते. आणि त्याच वेळी तिला रागही येत होता, अगदी मनापासून. त्या पायरीवर आपल्याशिवाय कुणी नव्हतं. तेवढ्याचसाठी तर सगळा खटाटोप. आणि आता पायरीच्या दुसऱ्या टोकाला लाल लुगडं नेसलेली कुणीतरी एक कोवळी बाई येऊन बसली होती, पाठमोरी, केस उकललेले, कान बंद केलेली. ही मेणबत्ती काही कपाटात राहणार नव्हती. हिच्यासाठी जागा करावी लागणार, आणि हिला आत घेतलं की बाकीच्यांनाही नाही म्हणता येणार नाही, लूर्डसची वाकडीसुद्धा... कॅथरिनने पायरीकडे पुन्हा पाहिलं. ती बाई तिच्याकडे वळली नाही. काही मागितलं नाही. नुसती बसली होती, आणि पायरी, आश्चर्य म्हणजे, अरुंद झाली नव्हती.

सांगायचं तर बोलावं लागणार. आणि म्हातारीने डोळे मिटून घेतले होते, भिंतीला पाठ टेकली होती, तिचा हात अजून कॅथरिनच्या मनगटावर होता, खिडकीबाहेर केळीची पानं हलत नव्हती. पहिल्या दिवशी जे गप्प बसणं खोटं होतं ते आता खरं होतं की खोटं, हे कॅथरिनला कळेना. तिने किल्ली असलेली पर्स पायाने हळूच खाटेखाली सरकवली आणि तशीच बसून राहिली.

“आई!” वाडीतून ॲन्सेल्मची हाक आली. “कॅथरिन! टोपल्या कुठं ठेवल्यात?”

सवयीने तिचं तोंड उघडलं. मनगटावरची बोटं किंचित आवळली गेली.

“अगं ए, कॅथरिन! टोपल्या!”

टोपल्या मोरीच्या मागे होत्या. दोघींनाही ठाऊक होतं.