आतला बिल्ला

ईशानीने जॅकेट शिलाई मशीनवर आपटलं, तेव्हा मोहिद्दीनचाचांच्या ओठांतली टाचणी पडता पडता राहिली.

"चाचा, ये क्या किया? सिर्फ अस्तर बोला था!"

"अरे बेटा, बिल्ला अंदर कौन लगाता है? मैंने पीठ पे लगा दिया. मुफ्त में!"

काळ्या चामड्यावर काळे-निळे पट्टे आणि लालभडक बदाम. रस्त्यापलीकडूनही दिसावा असा.

जॅकेट निनादमामाचं. जबल अली बंदरातल्या त्याच्या कंपनीने मंदीत एका दिवसात साठ माणसं काढली, त्यांत तो. व्हिसा खलास, सोमवारी परतीचं विमान. आणि उद्या शुक्रवार: त्याचा दोस्त इद्रीस आणि इतर सहा जणांबरोबर मोटरसायकलवरून डोंगरात शेवटची फेरी. आठही जॅकेटांना बिल्ला असायचा, पण आतून.

अल मजाजच्या घरी येऊन ईशानीने खोलीचं दार लावलं आणि ब्लेडने टाके कापायला घेतले. एक टाका सुटे, दुसरा हसे. बोट कापलं, तरी ती थांबली नाही.

दार ढकलून मामा आत आला. जॅकेटची पाठ बघून पलंगावर बसला.

"ताईने पाहिलं?"

"नाही. आणि रिलॅक्स, मला माहितीये. मी तो बदाम गूगल केला होता."

मामा नखं कुरतडत म्हणाला, "अमेरिकेत चोपन्न साली असा क्लब निघाला. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचा. बारमध्ये पोलीस धाडी घालायचे, म्हणून हे लोक गाड्या काढून गावाबाहेर भेटायचे. अंगात चामड्याची जॅकेटं, त्यांवर बिल्ले."

"बाहेरून?"

"बाहेरून."

"कूल! आणि तुम्ही?"

"आम्ही डोंगरात चहा पितो. इथे कुणी ओळखलं तर विमान राहील बाजूला, जेल होईल. माझं सोड. इद्रीसला इथेच राहायचंय."

शेवटचा धागा तुटला. ईशानीने सुई ओवली, बिल्ला अस्तरावर धरला आणि घाईघाईने टोचायला लागली. तेवढ्यात तिची आई छाया कपड्यांच्या घड्या घेऊन आत आली. मामा ताडकन उठला. ईशानीने बिल्ल्यावर तळवा ठेवला. बदामाचं टोक बोटांतून डोकावत राहिलं.

छायाने घड्या बॅगेत ठेवल्या. मग लेकीचा हात बाजूला केला आणि शिवण निरखली.

"हे काय गोणपाट शिवलंयस? अशाने बाहेरून वळ दिसेल. सरक."

तिने चष्मा लावला, जॅकेट मांडीवर ओढलं आणि ईशानीचे टाके उसवून बारीक टीप घालू लागली. मामा उभाच.

"निनाद, उद्या परत आलात की इद्रीसला वर जेवायला आण," ती मान वर न करता म्हणाली. "दर वेळी बिचाऱ्याला खालूनच पाठवतोस. तू गेल्यावर त्याने काय, गेटवरून हाक मारायची मला?"